टेकडी जळाली, आता नवी रोपं कधी आणायची?

पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या टेकड्यांवर, साताऱ्याकडच्या डोंगरउतारांवर, गावोगावच्या गायरानांवर लोक वर्गणी काढून आणि पाण्याचे कॅन वाहून झाडं जगवतात. फेब्रुवारी ते मे या काळात कधीतरी वणवा येतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "सगळं जळालं. नवी रोपं कधी आणायची?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निदान जुलैच्या मध्यापर्यंत आणू नका. मेलंय असं वाटतंय त्यातलं खूपसं जिवंत असतं, आणि घाईघाईत आपणच ते उपटून टाकतो.

कुसळीचं वाळलेलं गवत भडकतं जोरात, पण एका जागी फार वेळ जळत नाही. वरची पानं, फांद्या, पातळ साल जाते. दोन-चार इंचांखालची माती फारशी तापत नाही. म्हणजे तीन-चार वर्षांचं मूळ शाबूत राहतं, आणि त्या मुळावरचा फुटवा नर्सरीतून आणलेल्या रोपाला एका पावसाळ्यात मागे टाकतो. अपवाद एकच: बुंध्याशी पालापाचोळ्याचा ढीग किंवा ओंडका असेल तर तो तासन्‌तास धुमसतो आणि झाड जमिनीलगत भाजून निघतं. तिथं आशा कमी.

पाहणी दोन-तीन आठवड्यांनी करा. शेंड्याकडून खाली येत वीतभर अंतरावर चाकूच्या टोकानं साल खरवडायची. आत ओलसर हिरवट-पांढरं दिसलं की तिथवर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं आणि सालीचा पापुद्रा सुटत असेल तर तो भाग गेला. जिवंत भागाच्या बोटभर वर तिरका काप घ्या. वर काहीच हिरवं नसेल तर जमिनीपासून वीतभर ठेवून करवतीनं कापा. कोयता नको, त्यानं खुंट फाटतो. मनगटाएवढ्या जाडीच्या कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून, एकत्र करून, एकूण दहा लिटर पाण्यात. लोखंडी भांडं वापरू नका.

पळस, साग, बहावा, आपटा, करंज, बोर, सीताफळ हे फुटतात. कित्येकदा वळवाच्या पहिल्या सरीआधीच. बांबूचं बेट वरून कोळसा झालं तरी कंदातून कोंब काढतं. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, परदेशातून आणलेलं झाड) सगळ्यांच्या आधी हिरवं होतं, पण त्याकडे बघून टेकडी सावरली असं समजू नका. पुण्याच्या टेकड्यांवर त्याची आधीच गर्दी आहे. खुंटातून पाच-सात धुमारे आले तर पावसाळाभर राहू द्या, दिवाळीच्या सुमारास जमिनीलगतचे सरळ एक-दोन ठेवून बाकीचे काढा. लवकर काढले तर मुळाला पुरेशी पानं मिळत नाहीत, फार उशीर केला तर झाडाचं झुडूप होतं. जुलैच्या मध्यापर्यंत काहीच फुटलं नाही, तर ते झाड गेलं म्हणा.

तोवर खरं काम मातीचं आहे. गवत गेल्यानं उतार उघडा पडतो आणि वळवाचा एक जोरदार पाऊस राखेसकट माती नाल्यात नेतो. मुरमाड टेकडीवर माती मुळात वीतभर. ती गेली की रोपं कितीही आणा. जळलेल्या फांद्या आणि सुटे दगड उताराला आडवे, समपातळीत रचा. पातळी नजरेनं काढू नका, नजर हमखास फसवते. सहा-सात फुटांच्या दोन काठ्या आणि मध्ये एक आडवी काठी बांधून इंग्रजी A अक्षरासारखी चौकट, म्हणजे ए-फ्रेम करा, वरच्या टोकाला दोरीनं दगड लटकवून ओळंबा करा. दोरी आडव्या काठीच्या मधोमध आली की दोन्ही पाय एका पातळीत. चर खणायचे असतील तर साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती उताराच्या खालच्या बाजूला. वन विभागाची जमीन असेल तर त्यांना विचारल्याशिवाय कुदळ लावायची नाही.

ठिबकच्या नळ्यांचं काय, हेही विचारतात. वितळलेले तुकडे कापून जॉइनर टाकला की झालं असं वाटतं, पण शेजारची न वितळलेली नळीही उष्णतेनं मऊ पडलेली असते आणि दाब येताच फुगते. दोन्हीकडची हात-दोन हात नळी जास्त कापा, शेवटचं टोक उघडून काळं पाणी जाऊ द्या, मगच ड्रिपर जोडा. मुख्य पीव्हीसी लाइन दीड फूट खोल पुरा. टाकीभोवती तीन मीटर गवताची काडी नको. वितळलेलं प्लास्टिक गोणीत भरून खाली आणा.

रिकाम्या जागांसाठी खड्डे मे महिन्यातच काढा, दोन फूट लांब-रुंद-खोल. उन्हानं माती तापू दे. भरताना चांगली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि जळक्या लाकडामुळे वाळवी आधीच वाढलेली असते. रोप चार फुटांच्या आसपासचं घ्या. पिशवी फाडून तळाशी गोल फिरलेली मुळं कापा. पुढच्या उन्हाळ्यात आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी जमणार असेल तेवढीच रोपं लावा.

ऑगस्टमध्ये उघड्या जागेत घाणेरी, रानमोडी आणि पिवळा कॉसमॉस ही तणं घुसतात. फुलायच्या आधी उपटा. कॉसमॉसच्या शेतात फोटो काढायला गर्दी होते, ती बी पसरवायला मदतच करते.

आणि आच्छादन. आळ्यात गवत अंथरायचं हे सगळ्यांना पाठ असतं आणि पावसाळ्यानंतर ते बरोबरही आहे, पण जानेवारीत तेच गवत झाडाच्या पायाशी ठेवलेलं सरपण असतं. डिसेंबरअखेर ते बाहेर ओढा आणि आळं मुठीएवढ्या दगडांनी झाका. ओल टिकते आणि जळायला काही उरत नाही. प्रत्येक झाडाभोवती मीटरभर माती दिसली पाहिजे. बाहेरच्या कडेला सहा ते दहा मीटरची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा हवा, आत दोन-तीन मीटरचे पट्टे. गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अर्धवट हिरवं असताना कापा. तेव्हा गुरंवाले ते आनंदानं नेतात; कडक वाळल्यावर कोणी हात लावत नाही. "गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं" असं मानून काडी लावणाऱ्यांशी बोलायचीही हीच वेळ.

पट्टा जाळून काढायचा असेल तर ते काम वन विभागाचं. राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून टिपलेल्या आगींचे एसएमएस पाठवतं, नोंदणी फुकट आहे. गटातल्या दोघा-तिघांनी ती जानेवारीआधी करावी. छोटी आग उपग्रहाला उशिरा दिसते किंवा दिसतच नाही, त्यामुळे धूर दिसला की 1926 वर वन विभागाला आणि 101 वर अग्निशमन दलाला लगेच फोन करा.