सोलापुरात रीफ टाकीचा पंप निवडताना आधी वॅट बघा, मग लिटर

रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यासाठी पंप घ्यायचा म्हटलं की नजर आधी खोक्यावरच्या 'लिटर प्रति तास' या आकड्यावर जाते. सोलापुरात तो आकडा दुसऱ्या नंबरवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला टेकतो आणि प्रवाळांना पाणी २४ ते २७ अंशांतलं लागतं. त्यात पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते.

हिशोब करून बघा. ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटरची. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण २१० लिटर. ४० वॅटचा पंप २४ तास चालला आणि उष्णता कुठूनच बाहेर पडली नाही, तर एवढं पाणी जवळपास ४ अंशांनी तापेल. ती उष्णता टाकीवर लावलेल्या पंख्याने काढायची तर रोज सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन उडावं लागतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ते सहज उडतं, पावसाळ्यात दमट हवेत तेवढं उडत नाही. उडालेल्या पाण्याचं मीठ टाकीतच राहतं, म्हणून भरपाई कायम आरओच्या गोड्या पाण्याने करायची. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा हे पाणी आधीच साठवून ठेवावं लागतं. पंप निवडताना वाचवलेला प्रत्येक वॅट असा दोन्हीकडे कामी येतो.

म्हणून आमचा कौल डीसी पंपाला. तेवढंच पाणी ढकलायला तो साध्या एसी पंपापेक्षा बहुधा बरीच कमी वीज घेतो, वेग कमी-जास्त करता येतो, आणि त्याचा अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा असतो. व्होल्टेज पडलं की एसी पंप कधी कधी सुरूच होत नाही, नुसता गुणगुणत तापत बसतो. इकोटेक कंपनीच्या व्होर्टेकसारख्या वेव्हमेकरची (टाकीतल्या टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाची) मोटर काचेच्या बाहेर असते, त्यामुळे तिची उष्णता पाण्यात येत नाही. महाग आहे, पण इथल्या उन्हाळ्यासाठी ती रचना फार योग्य आहे.

आता लिटर. सम्पमधून, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीतून, पाणी वर चढवणारा रिटर्न पंप आणि टाकीत पाणी फिरवणारा वेव्हमेकर यांची कामं वेगळी आहेत. रिटर्नला टाकीच्या ४-५ पट, म्हणजे तासाला ८५० ते १०५० लिटर पुरे. मात्र हा आकडा वर पोहोचणाऱ्या पाण्याचा आहे, खोक्यावरचा नाही. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. ३००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर लिहिलेला पंप सव्वा मीटरवर अंदाजे १७०० लिटर देईल, आणि एल्बो (पाइपाचे वळणाचे जोड), अरुंद पाइप त्यातूनही खातील. पंपाचं तोंड पाऊण इंची असेल तर पाइप अर्ध्या इंचाचा लावू नका. लावून झाल्यावर बादलीने मोजा: १० लिटर भरायला लागलेल्या सेकंदांनी ३६,००० ला भागा, तासाचे लिटर मिळतील. ३६ सेकंद लागले तर १०००.

लाईट गेली की रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं सम्पमध्ये येतं. या टाकीत १ इंच पाणी म्हणजे १४ लिटर. नळीचं तोंड पातळीच्या फार तर इंचभर खाली ठेवा आणि सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी सोडा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. चुनखडी आणि बारीक किडे बसले की तो पूर्ण मिटत नाही.

आता वेव्हमेकर. टाकीत मऊ प्रवाळ आणि हॅमर-टॉर्चसारखे मांसल प्रवाळ असतील तर एकूण २० पटीच्या आसपास, म्हणजे तासाला ४२०० लिटर धरा. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कडक प्रवाळासाठी ४० पट आणि त्याहून वर. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या आणि ५०-६० टक्क्यांवर चालवा. एक बंद पडला तरी दुसरा टाकी सांभाळतो, शिवाय दोन्ही आलटून-पालटून चालवले की प्रवाह दिशा बदलत राहतो. डाव्या-उजव्या काचांवर वरच्या तिसऱ्या भागात, एकमेकांच्या अगदी समोर न येतील असे लावा. एकाचं तोंड थोडं वर करा, म्हणजे पृष्ठभाग हलत राहील आणि ऑक्सिजन मिसळेल. वेव्हमेकर काचेला धरून ठेवणारं चुंबक किती मिलिमीटर काचेसाठी आहे तेही घेण्याआधी बघा. ८ मिमीसाठीचं चुंबक १२ मिमीच्या काचेवर घसरतं.

प्रवाह बरोबर आहे का हे हॅमर सांगतो. त्याचे मांसल हात डुलून परत जागेवर यायला हवेत. दिवसभर एकाच बाजूला झुकलेले असतील तर थेट झोत बसतोय. काही दिवसांत मांस सांगाड्याच्या कडेवरून सुटायला लागतं आणि पांढरी धार दिसते. याउलट दगडामागे गाळ साचत असेल, वाळूवर लालसर बुळबुळीत थर येत असेल तर तिथे पाणी पोहोचत नाही.

लाईट जाण्याची तयारी पंपासोबतच करा. पाणी थांबलं की काही तासांत ऑक्सिजन घसरतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. १० वॅटचा २४ व्होल्टचा वेव्हमेकर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून, त्या निम्म्याच वापरल्या तरी ८ तास चालतो. चार्जिंगला असताना ही जोडी २७ व्होल्टच्या वर जाते, म्हणून कंट्रोलर तेवढं सोसतो का हे आधी कंपनीला विचारा. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर आणि पंखा ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर चालवू नका, तो जास्त तापतो.

कूलरचा पंप मात्र स्वस्त मिळतो म्हणून खाऱ्या पाण्यात घालू नका. लोखंडी स्क्रू-शाफ्ट गंजतात, पितळ असेल तर तांबं पाण्यात उतरतं आणि ते प्रवाळांना, कोळंबीला मारक आहे. शाफ्ट सिरॅमिकचाच हवा. दर दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग करून त्यात तासभर भिजवा, इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राची) पाती जुन्या टूथब्रशने घासा. नवा पंप घेतानाच एक जादा इम्पेलर-शाफ्ट मागवून ठेवा. सुटे भाग बाहेरगावाहून येईपर्यंत चार-पाच दिवस सहज जातात.