ख्रिस्ताकी एफेंदीचं घराणं, सोळा पानांत : फ्रेम कुठवर आली

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा सात पानं तयार होती. आता बारा झाली आहेत. त्यातली दोन पूर्ण उसवून पुन्हा मांडली, म्हणून इतका वेळ गेला. पण आता ती पानं बघताना मन भरून येतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टपालतिकिटांच्या स्पर्धेतल्या ओपन क्लासमध्ये, म्हणजे जिथे तिकिटांसोबत इतर साहित्यही लावता येतं, एका फ्रेमचं, म्हणजे सोळा शीट्सचं प्रदर्शन करतोय. विषय आहे ख्रिस्ताकिस झोग्राफोस, ऑटोमन साम्राज्यातला ग्रीक बँकर, आणि त्याचं कुटुंब. जन्म १८२०चा, आजच्या दक्षिण अल्बानियातल्या केस्तोरात या डोंगराळ गावचा. पुढे इस्तंबूलच्या गलाता भागात बसून थेट सुलतानाच्या घराला कर्ज देण्यापर्यंत पोचला. तुर्की कागदांत तो ‘हिरिस्ताकी एफेंदी’ म्हणून येतो. झोग्राफोस या आडनावाचा अर्थ चित्रकार. गोव्यात चितारी आडनावाची माणसं भेटतात, अगदी तसंच.

पहिल्या चार पानांचा विषय ‘सर्राफ’. हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको, तिथेही तो तोच आणि त्याच कामाचा. हवाला तिकडे ‘हवाले’, खजिना ‘हाझिने’, दफ्तर ‘देफ्तेर’. अरबी-फारसीच्या एकाच विहिरीतून दोन्हीकडे पाणी गेलंय. त्यामुळे गलात्याचा व्यवहार मराठीत लिहिणं इंग्रजीपेक्षा सोपं गेलं. खर्च आज उभा राहतो, वसूल प्रांतांतून सहा महिन्यांनी येतो. मधल्या काळात सराफ रोकड पुरवतो आणि त्या बदल्यात जकातीवर किंवा धान्याच्या दशमांशावर हवाला लिहून घेतो. मराठेशाहीतली वरात, म्हणजे वसुलावर काढलेली पैशांची चिठ्ठी, ज्याने वाचली आहे त्याला हे एका वाक्यात कळतं. १८५४मध्ये साम्राज्याने पहिलं परदेशी कर्ज काढलं, पुढे कर्ज फेडायला नवं कर्ज असं चक्र सुरू झालं, आणि दोन कर्जांमधल्या खिंडीत गलात्याचे सराफ उभे राहिले. १८६४मध्ये यातल्या बड्या मंडळींनी मिळून ‘सोसिएते जेनेराल द लांपिर ऑटोमान’ ही बँक काढली. संस्थापकांत ख्रिस्ताकी होता, शेजारी दुसरा ग्रीक बँकर झारिफी होता आणि ज्यू घराण्याचे कामोंदोही होते. धर्म वेगळे, पण वही एक.

उसवलेली दोन पानं मुरादची आहेत. शहजादा मुराद तख्तावर येण्याआधी कर्जात बुडालेला होता आणि त्याचा सराफ होता ख्रिस्ताकी. ३० मे १८७६ला सुलतान अब्दुलअझीझला पदच्युत केलं, मुराद पाचवा गादीवर आला. म्हणजे सराफाचा ऋणको बादशाह झाला! पाचच दिवसांनी अब्दुलअझीझ मरण पावला. मुरादचं मन आधीच खचलेलं होतं, ते पुन्हा सावरलं नाही. ३१ ऑगस्टला त्यालाही उतरवलं. एकूण ९३ दिवस. त्यानंतर १९०४पर्यंत तो चिरागान महालात नजरकैदेत जगला, आणि ख्रिस्ताकीने बिऱ्हाड पॅरिसला हलवलं.

आधी या पानावर मी नुसती चंद्रकोरवाली ऑटोमन तिकिटं लावली होती. ती त्या उन्हाळ्यात चालू होती हे खरं, पण ती त्याआधीही चालू होती. पान काहीच सिद्ध करत नव्हतं. मला त्या ९३ दिवसांतलं, तारखेसकट एखादं पत्र हवं होतं. दीड वर्ष शोधल्यावर मार्चमध्ये मिळालं. इस्तंबूलमध्ये तेव्हा फ्रेंच, ऑस्ट्रियन, ब्रिटिश, रशियन अशी परक्यांची टपालघरं होती आणि व्यापारी त्यांच्यावरच जास्त भरवसा ठेवायचे. माझं पत्र फ्रेंच टपालाने मार्सेलला गेलेलं आहे. कागद चौपदरी दुमडलेला, वेगळं पाकीट नाही. सेरेस देवीचं तपकिरी ३० सेंटिमचं तिकीट, आणि त्याच्या बाजूला गोल शिक्का : कॉन्स्टँटिनोपल, जुलै ७६. भिंगाखाली बघितलं तर ७चं टोक थोडं तुटलेलं आहे, शाई कागदाच्या धाग्यांत पसरली आहे. आत लोकरीच्या भावाचे चार आकडे, बस. ख्रिस्ताकीचा उल्लेखही नाही. पण हे पत्र त्या गल्लीतून निघालं तेव्हा मुराद गादीवर होता आणि त्याचा सराफ काही पावलांवर बसून हिशेब करत होता. दोन पानं उसवण्याइतकं ते मोलाचं होतं.

आता माझ्या आवडीची पानं, सात ते नऊ. पेरा या गलात्याला लागूनच्या भागातल्या मोठ्या रस्त्यावर, म्हणजे आजच्या इस्तिकलालवर, नाऊमचं थिएटर होतं. तिथे ऑपेरा व्हायचे. ५ जून १८७०च्या भीषण आगीत पेरा जळलं, थिएटरही गेलं. त्या जागेवर ख्रिस्ताकीने क्लेआन्थिस झान्नोस या ग्रीक वास्तुविशारदाकडून ‘सिते द पेरा’ बांधून घेतली. खाली २४ दुकानं, वर १८ घरं. ती पुरी झाली १८७६मध्ये, म्हणजे मुरादच्याच वर्षात. एकीकडे त्याचा बादशाह गादीवरून उतरला, आणि दुसरीकडे ही इमारत उभी राहिली. ती आजही आहे. १९०८मध्ये ती वजीर-ए-आझम सईद पाशाकडे गेली, पुढे फूलवाले आले आणि नाव पडलं ‘चिचेक पासाजी’, फुलांची गल्ली. १९७८मध्ये तिचा काही भाग कोसळला, १९८८मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

या पानांसाठी माझ्याकडे पाच पोस्टकार्डं आहेत. सगळ्यांत जुनं माक्स फ्रुख्टरमानने छापलेलं आहे. पाठीवर मधली उभी रेष नाही, म्हणजे पाठीची बाजू फक्त पत्त्यासाठी. त्यामुळे पाठवणाऱ्याने मजकूर चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत दाटीवाटीने कोंबला आहे. रस्त्यावर घोडागाड्या, दुकानांच्या छत्र्या. भिंगाने उजवीकडच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रेलिंगला टेकलेली एक आकृती दिसते. बाई की पुरुष, ते कळत नाही. चित्र पानाच्या मध्ये घेतलं आणि त्याच्याखाली एकच ओळ लिहिली. आधी तिथे चौदा ओळी होत्या. क्लबातल्या एका ज्येष्ठ काकांनी सांगितलं, ‘अरे, कार्डाला बोलू दे की.’ त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

दहाव्या-अकराव्या पानावर जावई आहे. ख्रिस्ताकीची मुलगी मारिया आर्ताच्या कोन्स्तान्तिनोस कारापानोसला दिली होती. इस्तंबूलला घोड्यांची ट्राम आणण्याचा परवाना १८६९मध्ये या जावयालाच मिळाला आणि १८७१मध्ये पहिली गाडी धावली. त्यानंतर काही वर्षांतच याच माणसाने एपिरसमध्ये, म्हणजे आजच्या वायव्य ग्रीस आणि दक्षिण अल्बानियाच्या पट्ट्यात, दोदोनी इथे खणून प्राचीन देवस्थान जगासमोर आणलं, झ्यूसचा कौल लावायची ती जागा. तिथल्या काशाच्या वस्तू आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ट्राम आणि दैवी कौल एकाच माणसाच्या नावावर! माझ्याकडे ट्राम कंपनीचा एक शेअर आहे, खालची बरीच कूपनं कात्रीने कापलेली. कोणीतरी दर वर्षी लाभांश घेत बसलं होतं. हा शेअर पानात मावत नाही, म्हणून घडी न मोडता खिडकी कापून मागून लावायचा विचार आहे. ज्यांनी असं मोठं कागद-साहित्य लावलं आहे त्यांनी कोपरे कसे धरले ते नक्की सांगा. टेप मी जवळपासही येऊ देणार नाही.

शाळेचं पान लवकर झालं. बेयोलूमधलं, म्हणजे जुन्या पेऱ्यातलं, झोग्राफियॉन हे ख्रिस्ताकीच्या नावाचं विद्यालय १८९३मध्ये सुरू झालं, त्याचं कार्ड सहज मिळतं. गावी केस्तोरातमध्ये मात्र ख्रिस्ताकीने १८७४मध्येच शिक्षक घडवणारी शाळा काढली होती. पॅरिसमध्ये ग्रीक अभ्यासासाठी त्याच्या नावाचं पारितोषिक होतं, इस्तंबूलच्या ग्रीक साहित्य मंडळात लोकपरंपरा गोळा करणाऱ्यांसाठी त्याच्या देणगीतून स्पर्धा होती. हे सगळं मी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात घातलं. थेसलीतल्या मोठ्या जमिनींना जागा दिली नाही. त्या जमिनींवर राबणाऱ्या कुळांची गोष्ट वेगळी, मोठी आणि दुःखाची आहे. दोन ओळींत उरकली तर अन्याय होईल.

आणि आता मुलगा. खरं तर याच्यामुळेच हा संग्रह सुरू झाला. गेओर्गिओस ख्रिस्ताकिस-झोग्राफोस, जन्म १८६३. आडनावातच बापाचं नाव. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो, त्याने ते जोडून पुढे नेलं. तो ग्रीसचा परराष्ट्रमंत्री झाला. डिसेंबर १९१३च्या फ्लोरेन्स करारात एपिरसचा उत्तरेकडचा मुलूख नव्या अल्बानियाकडे गेला, तेव्हा २८ फेब्रुवारी १९१४ला आर्गिरोकास्त्रोत, म्हणजे आजच्या ग्यिरोकास्तरमध्ये, स्वायत्त उत्तर एपिरसची घोषणा झाली आणि त्याचा प्रमुख झाला हा बँकरचा मुलगा. बापाचं केस्तोरात तिथून जवळच. मे महिन्यात कॉर्फूचा करार झाला, ऑक्टोबरात ग्रीक सैन्य परत आलं आणि ते छोटं सरकार संपलं. पानावर मी ‘स्वयंघोषित’ असंच लिहिलंय. त्या काही महिन्यांत दोन्ही बाजूंची गावं जळली, आणि तिकिटाच्या सुंदरतेने ते झाकलं जाऊ नये.

पण तिकिटं सुंदर आहेत! हिमारा गावात स्पिरोमिलिओस या तिथल्या बंडखोर पुढाऱ्याच्या माणसांनी फेब्रुवारीत हाताने ठसे मारून तिकिटं काढली. त्यावर कवटी आणि हाडं. पुढे सरकारची स्वतःची मालिका आली, तिच्यावर बंदूकधारी शिपाई. ही दुसरी परवडते. माझ्याकडे तिची सहा मूल्यं आहेत, एक तर वापरलेलं. कडा छिद्रांच्या नाहीत, चिरांच्या आहेत. बोटावरून अलगद फिरवलं की खरखर लागते. ती खरखर पहिल्यांदा लागली तेव्हा मी रात्री एक वाजता घरच्यांना उठवलं होतं.

कवटीचं तिकीट मात्र फसलं. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, विकणाऱ्याने खात्री दिली होती. जानेवारीत जाणकाराकडे पाठवलं, ते बनावट निघालं. मला खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या पानाबद्दल. पण मग त्याच्या शेजारी खऱ्याची ओळख सांगणारी माहिती मांडली. खऱ्यावर अधिकाऱ्याचा तपासणीचा ठसा हाताने मारलेला असतो. माझ्यावरचा ठसा तिकिटाच्याच शाईत, एकाच दाबाने, एकाच वेळी छापला आहे. भिंगाखाली दोन्हींच्या कडा सारख्याच फुगलेल्या दिसतात. पान तेरावर ते ‘बनावट, तुलनेसाठी’ अशा स्पष्ट अक्षरांत लागणार आहे. हिमाराचं घेताना प्रमाणपत्राशिवाय पाऊल टाकू नका.

उरलेली चार पानं मुलाचीच. त्यातल्या एकावर ग्यिरोकास्तरहून १९१४च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष टपालाने गेलेलं पत्र हवं आहे. गोळा करणाऱ्यांसाठी सजवलेलं पाकीट नको, साधं, कोणीतरी कोणालातरी खरोखर लिहिलेलं. ग्रीसमधल्या एका संग्राहकाशी बोलणं चालू आहे, त्याने स्कॅन पाठवायचं कबूल केलंय. तोवर सोळाव्या शीटवर पेन्सिलीने पत्राच्या मापाची चौकट आखून ठेवली आहे.