आमची वाटचाल : धूळ, ऊन आणि इंजिनाची हवा

वणी-घुग्गुस भागात १९९८ साली टिनाच्या शेडखाली आमचं गॅरेज सुरू झालं. तेव्हा कामं यायची ट्रॅक्टरची, कमांडर जीपची आणि कोळसा वाहणाऱ्या ट्रकची. एकीकडे खाणी, दुसरीकडे जिनिंग. हंगामात रस्त्यावर कोळशाची भुकटी, काळ्या मातीची धूळ आणि उडणारी रुई, तिन्ही एकदमच. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्यांदा त्याच्या हाती ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरची, म्हणजे तेलात धूळ पकडणाऱ्या हवेच्या गाळणीची, वाटी द्यायची हा आमचा शिरस्ता. वाटीच्या तळाशी बसलेला गाळ बोटाने चोळून पाहिला की कोणतंही पुस्तक न वाचता कळतं, हा गाळ तिथे अडकला नसता तर सिलिंडरमध्ये गेला असता. वाटीतलं तेल बदलायचा कंटाळा केलेले ट्रॅक्टर आमच्याकडे धूर ओकत यायचे. रिंगा झिजलेल्या, बोअर मोठं झालेलं, ऑइल खाणारं इंजिन. पेरणीच्या तोंडावर इंजिन उतरवायची पाळी आली की त्या शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे मी फार जवळून पाहिलं आहे. आमच्या धंद्याची दिशा तिथेच ठरली.

पुढे बोलेरो आली, मारुतीच्या इंजेक्शनवाल्या गाड्या आल्या, सेन्सरचे आकडे वाचणारा स्कॅनर घ्यावा लागला. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ आणि २०२० नंतर बीएस-६ नियम आले, त्यात सेन्सर एवढे वाढले की पान्यापेक्षा लॅपटॉप जास्त हातात राहू लागला. त्या सगळ्या काळाबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. शिकत गेलो, पोरांना शिकवत गेलो.

सांगायचं आहे ते कोन फिल्टरबद्दल, म्हणजे डब्याशिवाय उघड्या बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या एअर फिल्टरबद्दल. गेल्या काही वर्षांत तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ दाखवत येतात. "भाऊ, हा लावून द्या ना जी, दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढते म्हणते." कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, त्या जागी चकाकता पाइप आणि टोकाला उघडा कोन बसवायचा. किटची किंमत काही हजारांत, कधी त्याहून बरीच जास्त. विकला तर आम्हाला मार्जिन चांगलं. तरीही आम्ही तो दुकानात ठेवत नाही. हा निर्णय कसा झाला ते सविस्तर सांगतो, कारण ते विचारणारे रोज भेटतात.

आमच्याकडे डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, नाही. पण गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी आहे. तिचा यूसारखा बाक करून निम्मं रंगीत पाणी भरलं, एक टोक फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला जोडलं, दुसरं उघडं ठेवलं. मोकळ्या रस्त्यावर स्विफ्ट पेट्रोल तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढावर घेतली आणि शेजारी बसलेल्या पोराला पाण्यावर नजर ठेवायला सांगितली. सहा हजार आरपीएमला बाराशे सीसीचं इंजिन मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. एवढी हवा त्या डब्यातून आणि कागदी फिल्टरमधून जात असताना नळीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात वीतभराचाही फरक पडला नाही.

आता हिशेब करा. वातावरणाचा दाब पाण्याचा साधारण दहा मीटर उंच स्तंभ तोलतो. त्यातली वीत म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फिल्टर, डबा, पाइप यांचा अडथळा जादूने शून्य केला, तरी ८३ हॉर्सपॉवरच्या त्या गाडीला मिळणार फार तर दीड-दोन हॉर्सपॉवर, तेही पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, आरपीएमच्या अगदी वरच्या टोकाला. किटलाही स्वतःचा पाइप आणि फिल्टर असतोच, म्हणून तेवढंही मिळत नाही. वणी ते यवतमाळ जाताना त्या टोकाला कोण गाडी ठेवतो? रोजच्या चालीत पेट्रोल इंजिनाची हवा थ्रॉटलच, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडपच, अडवून धरते. तिथे फिल्टर मोकळा केल्याने काही बदलत नाही. टर्बो डिझेलमध्ये तर किती बूस्ट द्यायचा, म्हणजे टर्बोने हवा किती दाबायची, आणि किती डिझेल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्याने ठरवलेली हद्द नुसत्या पाइपने ओलांडली जात नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. हवा जेवढी थंड तेवढी दाट, आणि जेवढी दाट तेवढा तिच्यात ऑक्सिजन जास्त. कंपनीचा डबा म्हणूनच हवा बॉनेटच्या आतली घेत नाही. त्याचं तोंड रेडिएटरच्या पुढे नाहीतर फेंडरच्या बाजूला काढलेलं असतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या काही गाड्यांत एअर क्लीनरवर उन्हाळा-हिवाळा अशा खुणा असायच्या, त्यामागचा विचारही हाच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्याकडे सावलीत पंचेचाळीस डिग्री असतं, बॉनेटखाली सत्तर सहज होतं. उघडा कोन तिथलीच हवा ओढतो. पंचेचाळीस आणि सत्तर डिग्रीच्या हवेच्या घनतेत सात टक्क्यांहून जास्त फरक पडतो. म्हणजे वाचवायला निघालो दोन टक्के, गमावले सात. हळू चाललेल्या गाडीत स्कॅनर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान आम्ही गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवतो. मग "पण गाडी तर जोरात पळते" हा प्रश्न येतो. पळत नाही, ओरडते. डब्याचं एक काम आवाज दाबण्याचंही असतं. डबा गेला की हवा ओढल्याचा घोगरा आवाज थेट कानावर येतो आणि माणसाला ताकद वाढल्यासारखी वाटते.

आणि धूळ. एप्रिल-मे महिन्यात आपण नाका-तोंडाला दुपट्टा बांधतो. श्वास किंचित जड जातो, तरी दुपट्टा कोणी सोडत नाही. चांगला कागदी फिल्टर नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. तेल लावलेला कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण त्याबरोबर बारीक धूळही जास्त सुटते, आणि तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. मग सेन्सर चुकीचं सांगतो आणि गाडी झटके देते. काही किट हवेचं तोंड खाली, चाकाजवळ नेतात. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असताना तसली गाडी आत घातली आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन उघडताना मालकाकडे पाहवत नाही.

किट सगळीकडेच निकामी आहे, असं मी म्हणणार नाही. मोठा टर्बो बसवला, ईसीयूचा मॅप बदलला, झडपा उघडणारा कॅम बदलला, तर इंजिनाला खरोखर जास्त हवा लागते आणि मूळ डबा कमी पडतो. रेसच्या गाडीचं इंजिन वारंवार उघडलं जातं, तिथे झिजेचा हिशेब वेगळा. आमच्या गावातल्या गाडीने दीड-दोन लाख किलोमीटर चालायचं असतं.

किट न विकल्यामुळे काही गिऱ्हाइकं चंद्रपूर-नागपूरला गेली. पण "गाडी ओढत नाही" म्हणून येणाऱ्यांची ताकद नेमकी कुठे जाते ते शोधणं, हाच आमचा धंदा झाला. बहुतेक वेळा ती अशाच ठिकाणी सापडते: पिकअप गाडीच्या इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, रबरी पाइप तडकलेला, क्लॅम्प सैल, रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत रुई अडकलेली, क्लच घसरणारा, ब्रेक धरून राहिलेला. आणि फिल्टर पार चोंदलेला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या चोंदलेल्या फिल्टरवर चालवून पाहिल्या. मायलेजमध्ये जाणवण्यासारखा फरक पडला नाही, पण गाडीचा वेग घ्यायचा जोर कमी झाला. फिल्टर बदलल्यावर वेग घ्यायचा वेळ सहा ते अकरा टक्क्यांनी सुधारला. काही शेकड्यांत मिळणाऱ्या कागदी फिल्टरने मिळणारी खरी वाढ ती ही.

म्हणून आम्ही रॅकवर फिल्टरबरोबर डब्याच्या क्लिपा, रबरी सील आणि होज क्लॅम्प ठेवतो. डब्याची एक क्लिप तुटलेली असली तरी फटीतून धूळ सरळ आत जाते. पोरांना सक्त ताकीद आहे: फिल्टरला कॉम्प्रेसरचा फुल प्रेशर मारायचा नाही, कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. फिल्टरच्या पुढच्या पाइपात पांढरं फडकं फिरवून पाहायचं. ते मळलं तर गळती शोधल्याशिवाय गाडी सोडायची नाही. जिनिंगच्या गाड्यांचं हे काम आता हंगामभर आमच्याकडेच असतं.

यंदापासून ट्रॅक्टरसाठीही नळीची तपासणी सुरू केली आहे. तिचे पैसे घेत नाही. येताना फक्त जुना फिल्टर फेकून येऊ नका, तो पाहिल्यावर धूळ कुठून शिरते ते लवकर सापडतं.