उबेराबा: गीर गाईंच्या गावात संसार

ब्राझीलमधल्या उबेराबात घरभाडं साओ पावलोच्या मानाने बरंच कमी आहे. ब्राझीलला यायचं म्हणून कुणी विचारलं की मी आधी हे सांगते, आणि त्याच दमात भाड्याच्या अटीही सांगते. इथे घरमालक जामीनदार मागतात, तोही स्वतःच्या नावावर घर असलेला. नवख्या परदेशी माणसाने तो आणायचा कुठून? मग अनामत भरायची (कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही) नाहीतर भाड्याचा विमा काढायचा. त्याही आधी सीपीएफ, म्हणजे करदात्याचा क्रमांक, हवा. तो औषधाच्या दुकानात गल्ल्यावरसुद्धा विचारतात. तो नसेल तर बँकेत खातं नाही, आणि खातं नसेल तर पिक्स नाही. २०२० साली सुरू झालेलं पिक्स म्हणजे इथलं यूपीआय; बाजारातला भाजीवालाही त्यावर पैसे घेतो.

भाजी, फळं परवडतात. मोबाइल, लॅपटॉप मात्र करांमुळे फार महाग, ते येतानाच आणा. दुपारी किलोवर जेवण मिळतं: हवं ते ताटात वाढून घ्यायचं, वजन होतं, तेवढेच पैसे. भात आणि फेजाँवची, म्हणजे राजम्यासारख्या कडधान्याची, उसळ रोज असतेच; शाकाहारी असाल तर त्यात डुकराचं मांस आहे का, हे विचारूनच वाढून घ्या. विचारायचं पोर्तुगीजमध्ये. इंग्रजीवर इथे भागत नाही, म्हणून भाषा घरूनच शिकायला लागा.

मला या गावाचा लळा लागला तो गुरांमुळे. इथल्या पशुपालकांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बोटीने भारतातून गीर, कांकरेज आणि ओंगोल गुरं आणली. ओंगोलला इथे नेलोरे म्हणतात. गीर आणि होल्स्टीन या युरोपातल्या दुभत्या जातीच्या संकरातून झालेली जिरोलांदो गाय आज ब्राझीलला दूध पुरवते. झेबू, म्हणजे अशा वशिंडाच्या गुरांच्या, पैदासकारांच्या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय याच गावात आहे. फुगीर कपाळाची, लोंबत्या कानांची गीर गाय इथे पहिल्यांदा पाहिली तेव्हा गळा दाटून आला होता. यातली कितीतरी जनावरं कत्तलखान्यात जातात, हे मला अजून सोसत नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ आणि दुधाच्या नोंदी ही माणसं ज्या निगुतीने ठेवतात, तशी निगा आपल्या गावोगावच्या गोठ्यांतही व्हायला हवी, असं मनापासून वाटतं.

गाव पाहायला यायचं तर एप्रिलअखेरीस या. पाऊस ओसरलेला असतो आणि एक्स्पोझेबू हे गुरांचं प्रदर्शनही त्याच सुमारास भरतं. तेव्हा गावात गर्दी फार असते, त्यामुळे खोली आधीच ठरवून ठेवा.