नाशिक: तीच खोली, शनिवारची आणि रविवारची

आईला त्र्यंबकेश्वरला जायचं होतं आणि तिच्या गुडघ्यांना लॉजचे जिने झेपणार नव्हते. म्हणून नाशिकात मुंबई-आग्रा हायवेलगतचं एक स्टार हॉटेल बघितलं. शनिवारचं भाडं 8,400. रात्रीचं भाडं 7,500 च्या वर गेलं की 18 टक्के जीएसटी, म्हणजे हातात 9,912 चं बिल. तीच खोली रविवारी 6,200. सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीला 5 टक्केच कर, म्हणजे 6,510. वायनऱ्या बघायला आलेली मुंबईची मंडळी रविवारी दुपारी परत फिरतात, त्याचा हा प्रताप! सोमवारी त्र्यंबकला रांग मोठी, पण आई म्हणाली, "महादेवाचा वार आहे, मग तर जायलाच हवं." रजा टाकली.

खोलीबद्दल तक्रार नाही. खिडकी बंद केली की हायवेचे ट्रक गायब. बाथरूममध्ये शॉवरला उंबरा नव्हता आणि भिंतीला धरायला दांडी होती. बादली मात्र नव्हती. फोन केल्यावर पोऱ्याने बादली-मग तर आणलाच, आईकडे बघून न सांगता प्लॅस्टिकचं स्टूलही आणलं. माझ्या हिशेबी निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

जेवणात मात्र मार खाल्ला. आपली खोली 5 टक्क्यांत बसली तरी जेवणावर 18 टक्के, कारण त्यांच्या महागड्या खोल्या 7,500 ओलांडतात. वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. तो सक्तीने घेता येत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. काढा म्हटल्यावर मॅनेजरने निमूट काढला.

सकाळच्या बुफेत मिसळ होती. रस्सा आधीच ओतलेला, वर फरसाण भिजून लगदा, पापडाचा पत्ता नाही. "यापेक्षा घरची उसळ बरी," आई म्हणाली आणि इडलीकडे वळली. त्र्यंबकहून परतताना रस्त्यालगतच्या मळ्यात काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ली, रस्सा वेगळा, सोबत दही नि पापड. तिने दोनदा रस्सा मागून घेतला. नाशिकमध्ये नाश्त्यासकट खोली घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

त्याच हॉटेलात पुन्हा उतरेन, पण रविवारी आणि नाश्ता वगळून. 2027 मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. तेव्हा रविवार काय आणि मंगळवार काय, खोली मिळाली तरी नशीब.