तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या विनिपेगची टीम गेली आणि आली, त्याची गोष्ट

दर वर्षी गणपतीला इथे कॅनडात, विनिपेगला, आमच्या घरी नवीन आलेली मुलंमुली येतात, कोणी युनिव्हर्सिटीत शिकणारी, कोणी नुकतंच पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळालेली, आणि भिंतीवरची जुनी जेट्सची, म्हणजे आमच्या विनिपेगच्या आइस हॉकी टीमची, जर्सी बघून कोणी ना कोणी विचारतंच, की काकू तुम्ही नागपूरच्या, तुम्हाला आइस हॉकीचं एवढं काय, आणि टीम गेली तेव्हा तुम्ही रडला होतात म्हणे? पुढचं वाक्यही ठरलेलं, "पण परत आली ना ती, मग झालं तर." यंदाही तेच झालं. सगळ्यांच्या हातात प्रसादाच्या वाट्या, आरती नुकतीच झालेली, तिथे उभ्या उभ्या काय सांगणार, म्हणून मी विषय सोडून दिला. पण तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की "परत आली" हे अर्धंच खरं आहे. जी गेली ती आलीच नाही. आली ती दुसरीच टीम, दुसऱ्या गावाची, तिला आपण आपलं जुनं नाव दिलं. इथल्या एनएचएलमध्ये, म्हणजे कॅनडा-अमेरिकेच्या हॉकी लीगमध्ये, टीम गावाची नसते, मालकाची असते, तो ती विकू शकतो, उचलून हजारो किलोमीटर लांब नेऊ शकतो. पुण्याच्या लोकांना आयपीएलमधून आपली टीम गेल्याचं माहीत आहे, एकदा नाही दोनदा, पण त्या टीमा दोन-तीन वर्षांच्या होत्या. जेट्स १९७२ पासून इथे होत्या. तेव्हा बॉबी हल नावाच्या मोठ्या खेळाडूला आणायला दहा लाख डॉलरचा चेक दिला होता, तोही पोर्टेज अँड मेनच्या चौकात, सगळ्या गावासमोर. चोवीस वर्षांत एक अख्खी पिढी ती टीम बघत मोठी झाली.

मी आले १९८५ च्या जानेवारीत. नागपूरहून, जिथे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते, आणि इथे उणे तीस. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री ती प्लगला लावून ठेवायची हे मला खरंच वाटेना. मी लॅबमध्ये कामाला लागले, सगळे चांगले होते पण बोलायचं काय हा प्रश्न होता, लंच ब्रेकमध्ये सगळे एकच बोलायचे, काल रात्रीची मॅच. मला पक (ती काळी रबरी चकती) म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. एका बाईने दोन तिकिटं दिली, तिची सासू आजारी होती म्हणून, आणि मी नि आमचे हे पोलो पार्कजवळच्या त्या जुन्या अरीनात गेलो. वरच्या मजल्यावरच्या सीट इतक्या उभ्या चढाच्या की खाली बघताना पोटात गोळा यायचा, आणि छताला राणी एलिझाबेथचं प्रचंड मोठं चित्र टांगलेलं, पाच मीटर रुंद आणि सात मीटर उंच, आम्ही बसलो होतो तिथून ती बाई आमच्याकडेच बघतेय असं वाटायचं. मॅच कोण जिंकलं ते आता आठवत नाही. बाहेर उणे अठ्ठावीस आणि आत पंधरा हजार माणसं एकाच वेळी उठून ओरडली, ते आठवतं. दुसऱ्या दिवशी लंचला मी पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

१९८७ मध्ये प्लेऑफला कॅल्गरीशी गाठ पडली, त्यांचे लोक लाल घालून यायचे म्हणून आपण सगळ्यांनी पांढरं घालायचं असं ठरलं, त्यालाच व्हाइटआउट म्हणतात. सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या, मी पांढरी साडी नेसून वर पार्का घालून निघाले तर त्यांनी दारातच अडवलं, सवाष्णीने पांढरं नेसून बाहेर जाऊ नये म्हणाल्या. मग मी यांचा लग्नातला पांढरा सदरा चढवून गेले. ती सिरीज आपण जिंकलो. तेव्हापासून प्लेऑफला मी तो सदराच घालते.

लेक १९८६ ची, इथलीच जन्मलेली. ती सहा वर्षांची होती तेव्हा फिनलंडहून टीमू सेलानी आला, तेरा नंबरचा, आणि पहिल्याच सीझनला त्याने ७६ गोल मारले. नवख्या खेळाडूचा तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. २ मार्च १९९३ ला, क्युबेकविरुद्ध, त्याने जुना ५३ गोलांचा रेकॉर्ड मोडला आणि हातमोजा हवेत उडवून हॉकी स्टिक बंदुकीसारखी धरून त्याच्यावर नेम धरला. आमच्या घरात पुढचा महिनाभर मोजे, टोप्या, उशा, सगळं हवेत उडत होतं. (त्या क्युबेकची टीमही १९९५ मध्ये कोलोरॅडोला गेली, आणि ते लोक अजून वाट बघतायत. त्यांची आठवण काढल्याशिवाय मला ही गोष्ट सांगता येत नाही.)

टीम का गेली, तर पैसा. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यायचे आणि तिकिटाचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये यायचे, आणि तेव्हा आपला डॉलर त्यांच्या सत्तर-बहात्तर सेंटच्या आसपास घसरलेला. पगार वर्षागणिक चढत होते, त्यांना वरून काही मर्यादा नव्हती, आणि अरीना १९५५ चा, त्यात श्रीमंत लोकांना बसायला महागडे बॉक्स नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की रोज पेपरात येतंय, जाणार, राहणार, जाणार.

१९९५ च्या मे महिन्यात तर अरीनात निरोपाचा कार्यक्रमसुद्धा झाला, लोक रडून घरी आले, आणि मग पुन्हा आशा लागली की पैसे जमवले तर टीम राहील. फोर्क्सला, जिथे रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्या मिळतात, तिथे तीस-पस्तीस हजार लोक जमले. लहान पोरं आपले गल्ले घेऊन आली होती. आमच्या लेकीचा गल्ला मातीचा होता, माझ्या आईने नागपूरहून आणलेला, विमानात मांडीवर ठेवून, फुटू नये म्हणून जुन्या धोतरात गुंडाळून. तो फोडल्याशिवाय पैसे काढायचा रस्ताच नव्हता. मी म्हटलं, अगं मी देते पैसे, गल्ला राहू दे. ती नाही म्हणाली, तेवढंच. खाली बेसमेंटमध्ये पेपर पसरला, खलातला बत्ता घेतला आणि एका फटक्यात फोडला, नऊ वर्षांची पोर. मग सगळी नाणी चड्डीच्या खिशात न मावणारी, ती दह्याच्या रिकाम्या डब्यात भरली, एकतीस डॉलर आणि काही सेंट. त्यात आजीने पहिलं म्हणून टाकलेलं एक रुपयाचं नाणं होतं. मी ते बाजूला काढून ठेवलं तर तिने परत डब्यात टाकलं, म्हणाली, तेही द्यायचं. फोर्क्सला बादली धरून उभ्या असलेल्या माणसाने ते नाणं उलटसुलट करून बघितलं, काही बोलला नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

एवढं करून मिळालं एकच वर्ष. १९९६ च्या फेब्रुवारीत टीमूला अॅनाहाइमला देऊन टाकलं, टीम जायच्याही आधी. लेक दोन दिवस जेवली नाही नीट.

आणि २८ एप्रिल १९९६, रविवार, डेट्रॉइटविरुद्ध प्लेऑफची सहावी मॅच. हरलो तर सीझन संपला आणि टीमही. सगळं अरीना पांढरं. मी तोच सदरा घातला होता आणि आत शिरल्यावर मला सासूबाईंचे शब्द आठवले, कारण आपल्याकडे पांढरे कपडे घालून माणसं कुठे जातात ते मला माहीत आहे. ४-१ ने हरलो. आपला एकमेव गोल नॉर्म मॅकिव्हरने मारला, तो शेवटचा गोल ठरला, आणि त्या गोलाला लोक असे ओरडले जसं काही आपण जिंकतोय. भोंगा वाजला तरी कोणी उठेना. खेळाडूंनी स्टिक वर करून सलाम केला, तरी कोणी जाईना. माझ्या पुढच्या रांगेत एक साठीचा माणूस होता, शेतकरी असावा, हात तसे होते, तो बर्फाकडे बघत नुसता बसून होता, मांडीवर टोपी, आणि दर थोड्या वेळाने टोपी सरळ करायचा. माझी लेक त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पार्किंगमध्ये इंजिनं सुरू करून माणसं गाडीत तशीच बसलेली.

तुम्ही विचारता ना रडलात का, तर हो, पण तिथे नाही. ऑक्टोबरमध्ये रडले, नवीन सीझन सुरू व्हायचा तेव्हा. संध्याकाळी लवकर अंधारायला लागतं, बर्फ पडायला लागतो, आणि त्या वेळेला रेडिओ लावायचा हात सवयीने गेला. टीम तेव्हा अमेरिकेत फिनिक्समध्ये होती, वाळवंटात. लंचला सगळे आपापलं खाऊन उठायचे. मला लोक म्हणाले, अगं खेळच आहे तो. ते ज्यांनी म्हटलं त्यांना या गावातला हिवाळा कशावर निघतो ते माहीत नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या पंधरा वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मूस नावाची खालच्या लीगची टीम आली, आम्ही तीही बघितली, तिने हॉकी जिवंत ठेवली हे मान्य करायलाच हवं. २००४ मध्ये डाउनटाउनमध्ये नवीन अरीना उघडलं आणि २००६ मध्ये जुनं पाडलं, सुरुंग लावले तरी ते एका दमात पडलंच नाही, काही भाग उभाच राहिला.

मग ३१ मे २०११. मार्क चिपमन आणि डेव्हिड थॉमसन यांच्या ट्रू नॉर्थ कंपनीने अटलांटाची थ्रॅशर्स टीम विकत घेतल्याचं जाहीर झालं. तोवर आपला डॉलर अमेरिकेच्या बरोबरीला आला होता आणि लीगने २००५ पासून पगारांवर मर्यादा घातली होती, म्हणून ते जमू शकलं. पोर्टेज अँड मेनला लोक रस्त्यात हॉकी खेळत होते. लेक पंचवीस वर्षांची, ऑफिसमधून फोन करून नुसती "आई, आई" म्हणत होती.

त्याच रात्री अजून एक फोन आला. माझ्या बहिणीचा मुलगा अटलांटाला असतो, आयटीत आहे, तो आपल्या मुलाला घेऊन थ्रॅशर्सच्या मॅचना जायचा. म्हणाला, "मावशी, अभिनंदन." आणि मग गप्प. मागून पोराचा आवाज येत होता, बाबा कोणाशी बोलतायत असं विचारत होता. अटलांटाचं हे दुसऱ्यांदा होतं, १९८० मध्ये त्यांची पहिली टीम कॅल्गरीला गेली होती. मला बोलायला शब्द सापडेनात. जे मला १९९६ मध्ये लोकांनी ऐकवलं होतं ते मी त्याला ऐकवणार नव्हते, आणि दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. शेवटी मी विचारलं, पोराची जर्सी कुठली आहे. म्हणाला, कोवालचुकची. म्हटलं, ती टाकू नकोस, लहान झाली तरी ठेव. माझ्या आनंदात त्या दिवसापासून हे एक आहे, ते काही निघत नाही, आणि निघूही नये.

तिकिटांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लीगला दाखवायला १३,००० सीझन तिकिटं, म्हणजे सीझनभराच्या मॅचची, विकायची होती, काही आधी जुन्या गिऱ्हाइकांना दिली, आणि ४ जूनला बाकीची सगळ्यांसाठी उघडली ती सतरा मिनिटांत संपली. लेक आणि तिच्या तीन मैत्रिणी चार लॅपटॉप घेऊन आमच्या डायनिंग टेबलला बसल्या होत्या, एकीचं लागलं. काही वर्षं सोडायचं नाही अशी सही करून द्यावी लागली, तिने वाचलीसुद्धा नाही.

९ ऑक्टोबर २०११, पहिली मॅच, मॉन्ट्रियलविरुद्ध. आपण ५-१ ने हरलो आणि कोणाला काही फरक पडला नाही. सीटवर बसल्याबरोबर माझी मान आपोआप वर गेली, राणीला बघायला. वर राणी नव्हती. नुसते लोखंडी गर्डर आणि दिवे. तेव्हा मला पक्कं कळलं की हे ते नाही, हे नवीन आहे, आणि मला ते चालेल. मग राष्ट्रगीतात "ट्रू नॉर्थ" आलं तशी सगळी माणसं एका दमात ते दोन शब्द ओरडली, आणि शेजारी लेक, जिने गल्ला फोडला होता ती, ओरडता ओरडता माझा हात इतका घट्ट दाबत होती की बांगडी रुतली.

जुनी खरी टीम होती ती फिनिक्सला कायोटीज म्हणून खेळत राहिली, शेवटी शेवटी तर कॉलेजच्या साडेचार-पाच हजार माणसांच्या अरीनात. १७ एप्रिल २०२४ ला त्यांचीही शेवटची मॅच झाली आणि टीम युटाला गेली. ती मॅच मी टीव्हीवर शेवटपर्यंत बघितली. जिंकले ते. मग कॅमेऱ्याने लोक दाखवले, कोणी उठत नव्हतं, आणि मी सोफ्यावरून इथे त्या पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या माणसाला शोधत होते, अठ्ठावीस वर्षांनी, तेही वाळवंटात.

आणि हे नव्या मंडळींनी नीट ऐका, कारण हे जुनं नाही. त्याच वर्षी चिपमन यांनी सांगितलं की सीझन तिकिटं १३,००० वरून साडेनऊ हजारांवर आलीत आणि असं फार काळ चालणार नाही. कोविड, महागाई, लोकांची कारणं खरी आहेत, मी कोणाला दोष देत नाही. पण तो आकडा ऐकला तेव्हा माझ्या पोटात तोच १९९५ चा गोळा आला. ४ मे २०२५ ला सेंट लुइसविरुद्ध प्लेऑफची सातवी, निर्णायक मॅच होती, दोन सेकंद उरले असताना परफेटीने बरोबरी केली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये लाउरीने जिंकून दिलं. त्या रात्री जे गाव ओरडलं तेच गाव नोव्हेंबरातल्या मंगळवारीही यायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या दोन सीट आहेत, वरच्या रांगेत. यांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, लेकीची पोरं लहान आहेत, त्यामुळे दुसरी सीट बऱ्याचदा मोकळी असते. गणपतीत ज्याने विचारलं होतं त्याला मी मेसेज केलाय, ये म्हणून, पोळ्या खाऊन आपण बसने जाऊ. प्लेऑफ लागले आणि पांढरं काही नसलं तर यांचा दुसरा सदरा इस्त्री करून ठेवलाय.