पायऱ्या नसलेला घाट

शुक्रवार

विमानतळावरून आगगाडीने अर्ध्या तासात उट्रेख्तला उतरले. माझी भाची येथील विद्यापीठात शिकते आणि नेदरलँड्समधले हे तीन दिवस मी तिच्याचकडे राहणार आहे. स्थानकाला लागून सायकलींचा तीन मजली तळ आहे, त्यात साडेबारा हजार सायकली मावतात. तिने तिथून आपली सायकल काढली, माझी बॅग कॅरिअरला बांधली आणि आम्ही दोघी गप्पा मारत जुन्या गावाकडे चालू लागलो.

आउडेग्राख्त म्हणजे जुना कालवा. त्याच्या पहिल्याच पुलावर मी कठड्याला टेकून खाली पाहिले आणि तिथून पाय निघेना. रस्त्याच्या कडेला लगेच पाणी असेल, अशी माझी समजूत होती. पण येथे रस्ता वर आहे आणि पाणी जवळजवळ एक मजला खाली. मधे, पाण्याला अगदी चिकटून, दोन्ही बाजूंना फरसबंद घाट आहे आणि घाटाच्या मागच्या विटांच्या भिंतीत ओळीने कमानदार दारे आहेत. ही तळघरांची दारे. प्रत्येक तळघर रस्त्याच्या पोटातून पलीकडच्या घराखाली जाते, म्हणजे वरून सायकली आणि माणसे जात असतात तेव्हा त्यांच्या पायाखाली कोणाचे तरी दालन असते. होडीतून उतरवलेला माल घाटावरून थेट घराखालच्या कोठारात जावा, यासाठी मध्ययुगात ही सारी रचना झाली. ११२२ साली या गावाला नगराचे हक्क मिळाले. त्याच सुमारास वरच्या अंगाला नदीवर बांध पडला, गावातले पाणी खाली गेले आणि एका पातळीवर स्थिरावले; मग लोकांनी पाण्याच्या पातळीवर घाट बांधले आणि तिथून आपापल्या घराकडे जमीन पोखरत नेली.

मी वाईची. घाट म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पायऱ्याच येतात, कारण कृष्णा चैत्रात पार खाली असते आणि श्रावणात देवळात शिरते, आणि ती जिथे असेल तिथवर माणसाला पोहोचता यावे म्हणून पायऱ्या हव्यात. रास्त्यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले तेव्हा त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, ती पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. येथल्या घाटाला मात्र पाण्यात उतरणारी एकही पायरी नाही. रस्त्यावरून घाटावर येण्यापुरता जिना आहे आणि त्यापुढे सपाट फरशी थेट पाण्याच्या काठापर्यंत. पाणी चढणार नाही आणि उतरणारही नाही, हे गृहीत धरून कोणी असा घाट बांधू शकतो, ही गोष्ट पचायला मला संध्याकाळभर वेळ लागला. फरशीच्या कडेला बसून मी हात खाली सोडला, तर बोटे सहज पाण्याला लागली. घाटावर लावलेल्या झाडांचे बुंधे आमच्या शेजारी होते आणि त्यांचे शेंडे वरच्या रस्त्याने जाणाऱ्यांच्या डोक्यांशी आले होते.

शनिवार

सकाळी ब्रेडस्ट्राटवरच्या कापडबाजारात गेलो. दर शनिवारी भरणारा हा बाजार १५९७ पासून चालत आला आहे. आईच्या उशांसाठी निळे सुती कापड घेतले.

डोम या जुन्या चर्चच्या मनोऱ्याभोवतीच्या परांच्या २०२४ मध्ये उतरल्यामुळे तो आता पूर्ण दिसतो. तो ११२.५ मीटर उंच आहे आणि वर जायला ४६५ पायऱ्या आहेत. मी त्या चढले नाही, कारण मला खालची मोकळी जागा पाहायची होती. १६७४ च्या ऑगस्टमध्ये वादळ झाले आणि मनोरा व गर्भागार यांना जोडणारा चर्चचा मधला भाग कोसळला. ढिगारा तिथे दीडशे वर्षे पडून होता आणि तो भाग पुन्हा कधीच बांधला गेला नाही. आज एका बाजूला मनोरा, दुसऱ्या बाजूला उरलेले चर्च आणि मधून रहदारी. जिथे खांब होते ती जागा तेवढी फरसबंदीतल्या वेगळ्या रंगाच्या दगडांनी दाखवली आहे.

दुपारी एक वाजता भाची मला पुन्हा आउडेग्राख्तवर घेऊन गेली. रस्त्याच्या कडेच्या दगडांवर येथे एक कविता लिहिली जात आहे, दर शनिवारी एक अक्षर, एका दगडावर एक. २०१२ पासून हे आठवड्यागणिक चालले आहे आणि शहर चालवील तोवर चालणार आहे. एक कवी थांबला की पुढची ओळ दुसरा कवी धरतो. पाथरवट गुडघ्यांखाली पोते घेऊन बसला होता. त्याने पेन्सिलीने आखलेल्या अक्षराच्या उभ्या रेघेवर छिन्नी तिरकी धरली, हातोडीचे हलके ठोके दिले, फुंकर मारली, पुन्हा ठोके दिले. दगडाची राखाडी भुकटी त्याच्या बोटांच्या पेरांत बसली होती. दहा-बारा माणसे आणि एक लहान मुलगी उभी होती, कोणी फारसे बोलत नव्हते. अर्ध्या तासाहून अधिक वेळाने अक्षर पुरे झाले. शब्द मात्र पुरा झाला नाही. तो पुढच्या काही शनिवारी होईल, आणि तेव्हा मी येथे नसेन. तरीही मागच्या अक्षरांवरून हात फिरवताना मला काही अपुरे वाटले नाही.

त्याच रस्त्यावर आणखी एक गोष्ट मला खाली वाकून पाहावी लागली. घाटाच्या भिंतीतून दिव्याचे खांब उभे आहेत आणि प्रत्येक खांबाखालच्या दगडी टेकूवर कोरीवकाम आहे: कुठे एखादा व्यवसाय, कुठे एखादी जुनी कथा, बहुधा त्या जागेशी नाते असलेली. रस्त्यावरून ते दिसत नाही. घाटावरच्या माणसाला किंवा होडीतल्या माणसालाच दिसते. ज्या शिल्पकारांनी हे केले, त्यांनी पाण्याच्या बाजूलाच शहराचा दर्शनी भाग मानले असणार. अजूनही पाण्याचा तो मान पुरता गेलेला नाही, कारण उपाहारगृहांकडे मालाची पिंपे घेऊन येणारी विजेवर चालणारी होडी आम्हाला याच कालव्यात दिसली. जड ट्रकांच्या भाराने तळघरांच्या कमानी खचतात, म्हणून जुनी वाट पुन्हा उपयोगाला आली आहे.

संध्याकाळी कालव्याच्या उत्तर टोकाला, वेर्ड नावाच्या जलदरवाजापाशी गेलो. वसंतात फेख्त नदीतले मासे अंडी घालायला वरच्या उथळ पाण्याकडे निघतात आणि त्यांची वाट या शहरातूनच जाते. त्या दिवसांत होड्या कमी असल्याने दरवाजा बंद असतो, मासे त्याच्या तोंडाशी खोळंबतात आणि पाणपक्ष्यांच्या तावडीत सापडतात. २०२१ मध्ये येथे पाण्याखाली कॅमेरा बसवला. जगातल्या कोणीही त्याचे चित्र इंटरनेटवर पाहावे आणि मासा दिसला की पडद्यावरची घंटी वाजवावी. पुरेसे मासे जमले की दरवाजाचा राखणदार दार उघडतो. भाची हे सांगत होती तेव्हा आम्ही त्या लाकडी दारापाशीच उभ्या होतो. वरून काळसर पाण्याखेरीज काही दिसत नव्हते, आणि आमच्या पायांखाली वाट पाहणारे जीव असतील या विचाराने मी उगाचच आवाज खाली आणला.

रविवार

आजचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही, आणि त्यात पाहण्यासारखे काय होते, असे कोणी विचारले तर मला एक साधा पाण्याचा पट्टाच दाखवावा लागेल.

जुन्या उट्रेख्तभोवती मध्ययुगापासून खंदक होता. तटबंदी पाडल्यावर त्याच्या काठाने एकोणिसाव्या शतकात बाग झाली आणि लोक तेथे फिरू लागले. मग मोटारी आल्या. १९५८ मध्ये शहरासाठी आखलेल्या वाहतूक-योजनेत हा सारा खंदक बुजवून भोवती रस्ता करण्याचे घाटत होते. विरोध झाला आणि पूर्वेचा भाग वाचला. पश्चिमेचा, स्थानकाच्या बाजूचा, मात्र गेला. तिथे पाणी हटवून कालव्याच्याच तळातून मोटारींचा मोठा रस्ता नेला. १९७०च्या दशकात ज्यांनी तो वापरायला सुरुवात केली, त्यांना प्रवास खरोखरच सोपा झाला असेल. हे मी नाकारत नाही. पण २००२ मध्ये शहराच्या नागरिकांनी मतदान करून स्थानक परिसराची जी योजना निवडली, तिच्यात पाणी परत आणायचे ठरले होते. त्याला अठरा वर्षे लागली. १२ सप्टेंबर २०२० रोजी शेवटचा तुकडा खुला झाला आणि खंदकाचे वर्तुळ पुन्हा जुळले.

त्या तुकड्याच्या काठाने आम्ही सावकाश चाललो. मोठ्या बाजारसंकुलाच्या खालून पाणी जाते, पुन्हा उन्हात येते, उतरत्या काठावर गवत आहे, त्यावर माणसे पाठ टेकून पडलेली. एक बाई आपल्या मुलाला वल्हे कसे धरायचे ते शिकवत होती. आम्ही काठावर बसलो. भाचीचे कॉलेज पुण्यात झाले आणि त्या वर्षांत ती रोज नदीपात्रातल्या रस्त्याने गाडीवरून जात असे. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मावशी, मला तो रस्ता आवडायचा गं. सिग्नल लागत नाही म्हणून. खाली नदी आहे हे कधी डोक्यातच आलं नाही."

मी तिला काही बोलले नाही, कारण त्या रस्त्याने रिक्षा न्यायला मीही कितीदा सांगितले आहे. पण ज्या पिढीने खंदक बुजवला त्यांतले पुष्कळ जण आजही हयात असतील, काही जण त्या मतदानालाही गेले असतील, आणि आपणच केलेले आपल्याच हातांनी उकरून काढायला एखादे शहर तयार झाले, याने माझे मन भरून आले. पाणी आले म्हणून झालेली गैरसोयही त्यांनी पत्करली आहे. आपल्याकडे एकदा ओढा नकाशावरून गेला की तो गेलाच, असे आपण इतक्या सहज का म्हणतो, हा प्रश्न मी तिथून घेऊन निघाले आहे.

बुधवार, वाई

उशांचे अभ्रे शिवायला टाकले. गणपती घाटावर संध्याकाळी चक्कर मारून आले. कृष्णा खूप खाली गेली आहे आणि खालच्या सात-आठ पायऱ्यांवर वाळलेले शेवाळ आहे.

रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सहा वाजता, आईशेजारी बसून फोनवर तो कॅमेरा लावला. हिरवट पाणी, त्यातून वर जाणारे बुडबुडे, काचेवर सरकणारी एक गोगलगाय. पंधरा मिनिटे काहीच नव्हते. आईला पेंग येऊ लागली होती, इतक्यात डावीकडून अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा आला आणि प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत राहिला. मी आईचा अंगठा धरून घंटीवर ठेवला आणि तिने तो चांगला दाबला.

"उघडलं का गं दार?" तिने विचारले.

दार त्या चित्रात दिसत नाही. मासा आणखी थोडा वेळ तिथेच होता, मग तो पुढे सरकून चौकटीबाहेर गेला. आई चष्मा न काढता बघत राहिली.